आधी बोली, मग अक्षर : आपल्या लेकरांच्या वाचनाचा थोडा इतिहास

उमापूरच्या आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी आम्ही हे लिहीत आहोत. विषय मिळाला आहे 'शिक्षण'. या विषयावर स्मरणिकेत काय लिहायचे हे जवळजवळ ठरलेलेच असते. कोण डॉक्टर झाले, कोण नायब तहसीलदार झाले, कोणाचा मुलगा पुण्याला गेला. ते लिहायलाच पाहिजे, त्यात आपल्या सर्वांचा अभिमान आहे. परंतु आम्हाला वेगळ्याच लेकरांविषयी लिहायचे आहे. जी तिसरी-चौथीत आहेत, रोज शाळेत जातात, पण पुस्तक हातात दिले की ज्यांची मान खाली जाते, त्या लेकरांविषयी. अशी लेकरे आपल्याच वस्तीत, आपल्याच घरांत आहेत. हे कबूल केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आम्ही मास्तर नाही. आमची हयात जिनिंग मिलमध्ये सरकी आणि रुई वेगळी करण्यात गेली. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत. तेव्हा आम्ही शिकवायच्या पद्धतीवर बोलावे हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु ज्याला काटा रुतला त्याला काट्याची जागा बरोबर ठाऊक असते, एवढ्याच अधिकाराने आम्ही लिहितो.

आमच्यावर काय गुदरले

लहानपणी आम्हाला मामाच्या गावी शिकायला ठेवले होते. ते गाव शेजारच्या जिल्ह्यात, पार पलीकडच्या टोकाला. एके दिवशी गुरुजींनी विचारले, "काय करतोस रे?" आम्ही म्हणालो, "लिहायलोय, गुरुजी." आपल्या मराठवाड्यात असेच बोलतात. जेवायलोय, जायलोय, करायलोय. गुरुजी म्हणाले, "लिहायला आलास होय? मग लिही की!" सगळा वर्ग हसला. गुरुजी काही वाईट माणूस नव्हते, त्यांनी गंमत केली आणि ते विसरूनही गेले. आम्ही मात्र विसरलो नाही. त्या दिवसापासून वर्गात तोंड उघडायचे म्हटले की घसा कोरडा पडायचा.

मग आम्ही एक युक्ती शोधली. शेजारचा मुलगा धडा वाचायचा तो ऐकून पाठ करायचा आणि आपली पाळी आली की पानावर बोट फिरवीत धडाधड म्हणायचा. पान उलटे धरले असते तरी तेच म्हटले असते. चार यत्ता अशाच गेल्या. अक्षरे डोळ्यांना ओळखीची वाटत, पण त्यांचा नि आमचा बोलण्याचा संबंध नव्हता.

वयाच्या सतराव्या वर्षी मिलमध्ये लागलो तेव्हा ही लबाडी उघडी पडली. गाठी बांधल्या की त्यांवर मार्का आणि नंबर टाकावा लागतो. आम्हाला तो टाकता येईना. काट्यावर एक वयस्क कामगार होते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. त्यांनी हसून न दवडता वजनाच्या जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे टाकला. प्रत्येक चिठ्ठीवर कापूस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या गावाचे नाव असे. तात्या म्हणाले, "ही गाडी कुठली आली होती, आठवतंय का? तलवाड्याची. मग ह्यात 'तलवाडा' कुठं लिहिलंय, हुडीक." गावे सारी तोंडातली होती. तलवाडा, मादळमोही, चकलांबा, गेवराई, उमापूर. 'उमापूर' मधला 'मा' आणि 'मादळमोही' मधला 'मा' एकच आहे हे ज्या दिवशी दिसले, त्या दिवशी जणू डोळ्यांवरची पट्टी सुटली. जे चार वर्षांत झाले नाही ते दोन हंगामांत झाले.

त्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. तात्यांनी आधी अक्षर दिले नाही. त्यांनी आधी आमच्या तोंडातला शब्द घेतला आणि त्याचे अक्षर दाखवले. एवढाच फरक. पुढे मिळेल ते वाचत गेलो तेव्हा कळले, की हा फरक फार जुना आहे आणि आपल्या लोकांच्या इतिहासाशी त्याचे नाते आहे.

तथागतांचा निवाडा

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले, गोड वाणीचे दोन भिक्खू भाऊ तथागतांकडे गेले आणि त्यांनी तक्रार केली. निरनिराळ्या गोत्रांचे, जातींचे, कुळांचे लोक संघात आले आहेत आणि आपापल्या बोलीत बोलून ते बुद्धवचन बिघडवत आहेत, तेव्हा ते छंदात, म्हणजे वैदिकांच्या भाषेत बसवण्याची परवानगी द्यावी. तथागतांनी त्यांना फटकारले आणि बुद्धवचन 'स्वतःच्या भाषेत' शिकण्याची अनुज्ञा दिली. ही 'स्वतःची भाषा' म्हणजे बुद्धांची मागधी, असा अर्थ पुढे आचार्य बुद्धघोषांनी केला. अनेक आधुनिक विद्वान ती शिकणाऱ्याची बोली मानतात. कोणताही अर्थ घेतला तरी एक गोष्ट पक्की आहे. मोजक्यांनाच येणाऱ्या भाषेत ज्ञान कोंडून ठेवायला तथागतांनी नकार दिला.

बांधवांनो, अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो तंटा आणि आमच्या वर्गातले ते हसू, यांत आम्हाला एकच सूत्र दिसते. 'तुझ्या बोलण्याने विद्या बाटते' असे कोणीतरी म्हणते आणि बोलणारा गप्प होतो.

पंतोजींपासून फुल्यांपर्यंत

इंग्रजी अमलाच्या आधी आणि नंतरही बरीच वर्षे गावोगाव पंतोजींच्या शाळा असत. धुळीच्या पाटीवर अक्षर गिरवायचे, 'ओनामासी' पासून सुरुवात, मग बाराखडी, मग पाढे, पावकी, निमकी, आणि सारे एका सुरात ओरडून पाठ. पाठांतर वाईट असे आम्ही म्हणत नाही. पाढे पाठ असलेला माणूस काट्यावर फसत नाही. पण त्या शाळेत मुलाने स्वतःचे काही बोलायचे नसे. आणि आपल्या पूर्वजांना तर त्या ओसरीवर पायही ठेवता येत नव्हता.

१८४८ साली महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. नंतर अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींसाठी शाळा काढल्या. १८५५ साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली. ही माहिती आपल्या लेकरांनाही पाठ आहे. पण त्या शाळांचे खरे फळ कोणते, हे आपण फारसे सांगत नाही. त्याच १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा निबंध छापून आला. वय अवघे १४ वर्षांचे. विषय महार-मांगांच्या दुःखाचा. कोणी सांगितलेला धडा तिने घोटून लिहिला नव्हता. आपल्या लोकांचे जे हाल डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, त्याविषयी धर्माच्या ठेकेदारांना प्रश्न विचारले होते. तीन-एक वर्षांच्या शाळेत जर मुलगी असे लिहू लागते, तर त्या शाळेत तिला बोलू दिले जात असणार. नुसत्या बाराखडीतून असा निबंध येत नाही.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, मोडी व बालबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य शिकवा, असे त्यांनी मागितले. शिक्षकाविषयी त्यांचे म्हणणे असे, की तो नांगर धरायला, सुताराची वाकस चालवायला न लाजणारा, खालच्या थरातल्या लोकांत मिसळणारा असावा. आम्हाला यात मोठा अर्थ दिसतो. ज्याला नांगराचे शब्द ठाऊक आहेत तोच नांगऱ्याच्या मुलाचे बोलणे समजून घेईल.

मूक कोणी केले?

बालवयात बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत गेले तेव्हा बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि शिपाई नसला तर तहान मारावी लागे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. संस्कृत शिकायची इच्छा असता ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक राहिलेले, म्हणून घरात वाचनाचे वातावरण होते. शाळेने दूर बसवले तरी घराने जवळ घेतले. ज्यांच्या घरी रामजी सुभेदार नव्हते अशी लाखो मुले त्याच काळात गोणपाटासकट घरी परतली.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी पाक्षिक काढले आणि त्याला नाव दिले 'मूकनायक'. अडाण्यांचा नायक नव्हे, गरिबांचा नायक नव्हे, मुक्यांचा नायक. आपल्या समाजाचे मूळ दुखणे त्यांनी नावातच सांगितले. आपण मुके जन्मलो नव्हतो. जात्यावर, शेतात, तमाशाच्या फडात, पुढे भीमजलशांत आपल्या लोकांइतके बोलणारे, गाणारे कोण होते? पण चावडीत आणि शाळेत ते बोलणे चालत नव्हते. लोककवी वामनदादा कर्डक तरुणपणापर्यंत निरक्षर होते. मुंबईत मजुरी करता करता ते दुकानांवरच्या पाट्या वाचत अक्षर शिकले. आधी गळ्यात बोली होती, मागून अक्षर आले, आणि मग त्यांची गाणी गावोगाव गेली.

तहतानियापासून जिल्हा परिषदेपर्यंत

आपला बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हातारी माणसे प्राथमिक शाळेला 'तहतानिया' आणि त्यावरच्या शाळेला 'वस्तानिया' म्हणत. राज्यकारभाराची भाषा उर्दू, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. उर्दू ही गोड भाषा आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही. पण घरात मराठी बोलणाऱ्या लेकराला वर चढायचे तर दुसऱ्याच भाषेच्या शिडीने चढावे लागे. आपल्या लोकांना तर पहिली पायरीसुद्धा दुर्मिळ होती.

१९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच आपले मिलिंद. खेड्यापाड्यांतली पोरे पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन तिथे गेली. त्याच नगरातून साठच्या दशकाच्या अखेरीस प्रा. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले. पुढे १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले. ज्या बोलीला वर्ग हसत होता ती बोली छापील पुस्तकात मानाने बसली. हा बदल लहान नव्हे. मात्र तो मोठ्यांच्या पुस्तकांत झाला. पहिलीच्या वर्गात तो अजून पुरता पोचला नाही, हे आमचे गाऱ्हाणे आहे.

१ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, गावोगाव शाळा झाल्या. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाली आणि साऱ्या महाराष्ट्रातल्या मुलांच्या हाती एकसारखे, स्वस्त, देखणे पुस्तक आले. आमच्यासारख्यांच्या हाती पुस्तक पडले ते या दोन गोष्टींमुळेच, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. पण पुस्तक हाती पडणे आणि ते वाचता येणे, यांच्यामध्ये एक ओढा आहे. त्यावर साकव घालणारी माणसे थोडी निघाली. त्यांतली दोन ठिकाणे आपल्याला उपयोगी आहेत.

कोसबाड आणि फलटण

पहिले कोसबाड. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. वारल्यांची मुले शाळेत येईनात, कारण ती गुरे राखायची, धाकटी भावंडे सांभाळायची. मग या बायांनी शाळाच मुलांकडे नेली. पाड्यातल्या अंगणात भरली ती अंगणवाडी, गुरे चरतात त्या कुरणात भरली ती कुरणशाळा. पाने, बिया, दगड हे शिकवण्याचे साहित्य. आधी गाणी, गोष्टी, गप्पा, मग अक्षरे. लेकरू येत नाही म्हणून त्याला दोष द्यायचा नाही, ते जिथे आहे तिथे जायचे. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर चालतो, त्याचे मूळ तिथे आहे.

दुसरे फलटण. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या भाषेच्या अभ्यासक. त्यांनी फलटणच्या लोकांच्या बोलण्याचाच अभ्यास केला, कोणत्या थरातले लोक कसे बोलतात हे तपासले, तिथेच राहिल्या आणि भारताचे नागरिकत्व घेतले. दलित वस्तीतली मुले शाळेत जातात पण वाचू शकत नाहीत, हे पाहून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी त्यांना शिकवायला सुरुवात केली. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली.

त्यांच्या पद्धतीतले आम्हाला जे समजले ते असे. संपूर्ण मुळाक्षरे आणि बाराखडी पाठ होईपर्यंत थांबायचे नाही. थोडी अक्षरे घ्यायची आणि त्यांतून लगेच अर्थाचे शब्द करायचे. समजा क, म, न, ल ही चार अक्षरे आणि एक काना घेतला. त्यातून काय काय होते पाहा : काका, मामा, नाना, नाक, कान, मान, काम, मका, लाल, माल, नाला, कमान. चार अक्षरांत घरातली नाती झाली, अंगाचे अवयव झाले, शेतातला मका झाला. पहिल्या आठवड्यातच लेकराला कळते, की हे चिन्ह म्हणजे माझ्या तोंडातला शब्द आहे. उलट बाराखडीच्या वाटेने गेले तर महिनोन् महिने लेकरू 'क का कि की' म्हणत राहते आणि त्याला वाटते, वाचणे म्हणजे हेच.

सातासमुद्रापार ब्राझील देशात पाउलो फ्रेरे या शिक्षकानेही हेच केले. १९६३ साली आंजिकोस या गावी सुमारे ३०० मजुरांना त्यांनी त्यांच्याच कामातल्या शब्दांवरून, त्यांवर चर्चा करीत, थोड्या आठवड्यांत अक्षरओळख करून दिली. पुढच्याच वर्षी लष्कराची सत्ता आली आणि फ्रेरेंना तुरुंगात टाकून देशाबाहेर जायला लावले. गरीब माणूस बोलता बोलता वाचू लागला की कोणाला भीती वाटते, हे यावरून उमगावे.

कोयत्याबरोबर जाणारी अक्षरे

आता आपल्या दारातले बोलू. आपल्या भागातली किती कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात हे सांगायला नको. मुकादमाची उचल घेतली की नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या फडात कोपी पडते, ती पट्टा पडेपर्यंत. शाळा जूनमध्ये सुरू होते. लेकरू चार-पाच महिन्यांत जेमतेम अक्षराला लागते, तोच गाडी निघते. परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. साखरशाळा झाल्या, गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे झाली, त्यांचा उपयोगही झाला. पण तुटलेला धागा जोडायला रोजचे माणूस लागते.

हे केवळ आपलेच दुखणे आहे असे नाही. 'असर' नावाची देशव्यापी पाहणी २००५ पासून खेड्यांतल्या मुलांचे वाचन तपासते. २०२२ मध्ये देशात तिसरीतल्या शंभरांपैकी साधारण वीसच मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. २०२४ मध्ये हे प्रमाण सत्तावीसपर्यंत चढले. म्हणजे सुधारणा आहे, तरी सत्तरांहून अधिक मुले मागेच. सरकारनेही हे ओळखले. जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान जाहीर झाले आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे असे उद्दिष्ट ठेवले गेले. उद्दिष्ट चांगले आहे. पण एका शिक्षकाकडे दोन-दोन यत्ता आणि त्यात कागदांचे ढीग असले, तर तो एकेका लेकराचे बोलणे कधी ऐकणार? शिक्षकाला शिव्या देणे सोपे आहे, ते आम्ही करणार नाही. आपल्या वाट्याचे काय ते पाहू.

विहारातले अनुभव

काही वर्षांपूर्वी आम्ही काही कार्यकर्त्यांनी संध्याकाळी विहारात मुलांना घेऊन बसायला सुरुवात केली. पहिली चूक आमचीच झाली. उत्साहाने फळा आणला आणि बाराखडी सुरू केली! आठ दिवसांत निम्मी मुले पळाली. आमच्या गुरुजींची गादी आम्हीच चालवत होतो. तेव्हा तात्यांची चिठ्ठी आठवली.

मग फळा बाजूला ठेवून नुसत्या गप्पा सुरू केल्या. फडावरून नुकतीच परतलेली एक पोरगी होती, तिसरीतली. दोन दिवस ती बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी बैलांचा विषय निघाला आणि ती एकदम म्हणाली, "आमचा सोन्या लंगडायलाय." आम्ही खडू घेतला आणि तिचे वाक्य जसेच्या तसे फळ्यावर लिहिले. दुरुस्त केले नाही. तिला म्हणालो, "ताई, हे तुझंच बोलणं आहे, बघ." तिने बोट ठेवून वाचले. मग सर्वांनी वाचले. कोणी हसले नाही. ती घरी जाऊन आजीला म्हणाली, "माझं बोलनं फळ्यावर लिवलंय." दुसऱ्या दिवशी आजी स्वतः बघायला आली. आम्ही ते वाक्य चार दिवस पुसले नाही.

त्या वाक्यातून 'स', 'ल', 'ड', 'म' घेतले, काना घेतला, नवे शब्द केले. आणि पाचव्या दिवशी खाली दुसरी ओळ लिहिली : 'आमचा सोन्या लंगडत आहे.' मुलांना सांगितले, "आपण असं बोलतो, पुस्तकात असं लिहितात. दोन्ही आपलंच." हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण काही बांधव विचारतात, पोरांना गावंढळच ठेवायचे का? मुळीच नाही. पुस्तकाची भाषा आलीच पाहिजे, इंग्रजीही आली पाहिजे. त्याशिवाय परीक्षा नाही, नोकरी नाही, कोर्ट-कचेरी नाही. पण वरचा मजला बांधायचा म्हणून कोणी खालचा पाडत नाही.

सगळेच साधले असे नाही. काही मुले अजून अडखळतात. काही पुन्हा फडावर गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तरी एक गोष्ट आम्ही छातीठोकपणे सांगू : जे लेकरू बोलू लागले ते वाचायला लागले. गप्प बसलेले एकही लेकरू आम्हाला वाचनापर्यंत नेता आले नाही.

आता आपल्याच घरचे सांगतो, राग मानू नये. आपण घरी लेकराला काय म्हणतो? "गप बस, मोठ्यांमधी बोलू नको." विहारात काय करतो? त्रिशरण-पंचशील घडाघडा म्हणून घेतो, पण 'वेरमणी' म्हणजे काय हे किती लेकरांना विचारतो? वंदना पाठ असावीच, त्या सुरात आपली पिढी एक झाली आहे. पण तथागतांनी ज्या भाषेच्या कोंडवाड्याला नकार दिला तो आपणच पुन्हा बांधू नये. वंदना झाल्यावर पाच मिनिटे तिचा अर्थ आपल्या बोलीत, लेकरांच्याच तोंडून होऊ द्यावा.

आणि चौदा एप्रिल! जयंतीच्या मंचावर पहिलीच्या लेकराला उभे करतो. 'आदरणीय व्यासपीठ' इथपासून मोठ्याने लिहून दिलेले भाषण पाठ केलेले. मध्येच विसरते, आईकडे बघते, रडते, आपण टाळ्या वाजवून उतरवतो. त्या भाषणात लेकराचे स्वतःचे एक वाक्यही नसते. मुक्ता साळवे यांचा निबंध आठवा. या वर्षापासून असे करावे, अशी आमची विनंती आहे. एक तरी लेकरू मंचावर येऊन स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या बोलीत काही सांगेल. बैलाचे सांगेल, आजीचे सांगेल, फडावरच्या थंडीचे सांगेल. आपण ऐकून घ्यायचे. हसायचे नाही. आणि कोणीतरी ते लिहून घ्यायचे, म्हणजे पुढच्या स्मरणिकेत ते त्या लेकराच्या नावाने छापता येईल आणि त्याला स्वतःला वाचता येईल.

रोज संध्याकाळी अर्धा तास देणारे दोन तरुण आणि दोन भगिनी पुढे याव्यात. जास्त शिकलेले असण्याची गरज नाही. दहावी झालेली सूनसुद्धा हे काम उत्तम करील. खर्च म्हणाल तर खडू, फळा, गोष्टीची दहा पुस्तके आणि एक चांगला दिवा. बाकीचे शब्द लेकरांच्या तोंडात आहेतच.

आम्हाला मिलमध्ये एक तात्या भेटले म्हणून आम्ही आज हे लिहू शकलो. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक लेकराला तो तात्या लवकर भेटावा, सतराव्या वर्षापर्यंत त्याला थांबावे लागू नये, एवढेच मागणे मागून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!